स्टेशन विसरणारा स्टिरिओ

अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. तरी तंजावरसारख्या गावी कुणी ती जिवापाड जपलेली असते. हौसेने नवा स्टिरिओ बसवावा, तिरुचिरापल्ली आकाशवाणी लावावी, आणि किल्ली काढताच सेटने स्टेशनच विसरावे!

दोष बहुधा सेटचा नसतो. बहुतेक सेटच्या पिवळ्या तारेला बॅटरीचा प्रवाह सतत लागतो. सेटची स्मरणशक्ती त्यावर चालते. लाल तार मात्र किल्लीवर हवी. दोन्ही किल्लीवर जोडल्या की विसर. दोन्ही थेट बॅटरीवर दिल्या, तर उभ्या गाडीत बॅटरी उतरू शकते. काळी तार रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट आवळावी. फार जुन्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला नाही ना, हे आधी पाहावे. असल्यास सेट जोडूच नये. आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा? मुळीच नको, आग लागेल.