बोलता येतं, मग लिहिताना का अडतं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या अनेकांची तक्रार एकच असते: ‘विषय डोक्यात पक्का आहे. विचारा, अर्धा तास सांगतो. पण सिनॉप्सिस लिहायला बसलो की दोन ओळींच्या पुढं गाडी जात नाही.’ अशा वेळी ‘माझी भाषाच कच्ची’ असा निष्कर्ष काढू नका. बोलणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि ती येण्याचे रस्तेही वेगळे आहेत.

बोलायला कुणी शिकवणी लावत नाही. मिरजेच्या गल्लीत वाढणाऱ्या पोराच्या कानावर मराठी, कन्नड, दखनी पडत राहते आणि खेळता खेळता ते त्यातल्या दोन भाषा सहज उचलतं. लिहिणं मात्र पाटी घेऊन, बसून शिकावं लागतं. लेखनाचा शोधच साधारण ५,००० वर्षांपूर्वीचा; माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून बोलतोय. रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा फरक नेमका मांडला. त्यांच्या मते लिहिताना दोन गोष्टी हातातून सुटतात: आवाज आणि समोरचा माणूस.

आधी आवाजाचं बघू. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द मोठ्यानं म्हणा. दोन्हीतले ‘च’ वेगळे ऐकू येतात, पण अक्षर एकच. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ बहुतेकांच्या तोंडी सारखेच वाजतात, लिहिताना मात्र वेलांटी चुकली की अर्थ बदलतो. म्हणजे कानाला कळतं ते लिपी दाखवत नाही, आणि लिपी मागते ते कान सांगत नाही. म्हणूनच मराठी साहित्य महामंडळाला शुद्धलेखनाचे नियम ठरवावे लागले: १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४. त्यात बोलीचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडं ‘तो तारा लावायलाय’ म्हणतात, प्रबंधात ‘तो तारा लावत आहे’ लिहावं लागतं. यात बोली चुकीची ठरत नाही. प्रमाण लेखन हे आपल्याला नव्यानं शिकावं लागणारं एक रूप आहे, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा, तुम्ही मिरजेत सतार बनवणाऱ्या कारागिराकडं बसला आहात. जवारी काढता काढता ते म्हणतात, ‘हे बघा, इथं जरा जास्त घासलं, म्हणून दबलं. आता ऐका कसं बोलतंय.’ तुम्हाला सगळं कळतं, कारण घोडी समोर आहे, बोट तिथं आहे आणि तार कानाशी वाजते आहे. हेच वाक्य जसंच्या तसं कागदावर आलं की ‘हे’ म्हणजे काय, ‘इथं’ म्हणजे कुठं, ‘दबलं’ म्हणजे काय झालं, काहीच कळत नाही. लेखी वाक्य असं होईल: ‘घोडीच्या माथ्याचा हलका उतार बिघडला, तर कंप पावणारी तार त्याला हलकेच घासत नाही आणि स्वराची गुंजन दबते.’ बोट, घोडी आणि कान या तिघांचं काम आता शब्दांनी केलं आहे.

मिरजेला हे काम खरोखरच करावं लागलं. इथली वाद्यकला पिढ्यान्‌पिढ्या बघून, ऐकून, हातानं शिकवली गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. १९९९ च्या कायद्याखाली त्यासाठी अर्ज करताना वस्तू कशी बनते, तिचं त्या भागाशी नातं काय, हे लिहून द्यावं लागतं. नोंदणीचं कार्यालय चेन्नईत. तिथल्या वाचणाऱ्याला कारखान्यात बसून ‘हे बघा’ म्हणता येत नाही. तुमच्या प्रबंधाचा परीक्षकही तसाच दूर बसलेला असतो.

मग करायचं काय? विषय मित्राला सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पाच मिनिटं पुरेत. नंतर ते शब्दशः उतरवून काढा. आता ‘हे’, ‘ते’, ‘तसं’, ‘म्हणजे तुम्हाला माहीतच आहे’ अशा प्रत्येक जागेखाली रेघ ओढा आणि तिथं नेमकं नाव, माप किंवा कारण भरा. मित्रानं मध्येच ‘का?’ विचारलं असेल, तर ते उत्तर वाक्यात आधीच घाला, कारण परीक्षकाला वाचता वाचता मध्येच विचारता येत नाही. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी तपासा. आधीच वेलांटीपाशी अडलात तर विचार तिथंच थांबतो.

एक पथ्य मात्र पाळा. मुलाखत उतरवताना कारागिराचं बोलणं ‘सुधारू’ नका. ‘दबलं’, ‘बोलतंय’ हे त्यांचे शब्द तुमची सामग्री आहेत. ते अवतरणात तसेच ठेवा. त्याखालचं स्पष्टीकरण तुमचं असू द्या. कुठलं वाक्य कुणाचं, हे वाचणाऱ्याला पानावरच कळलं पाहिजे.