आपत्ती-जोखमीचे गावपातळीवरील मूल्यमापन : चिखली तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
नैसर्गिक आपत्तीची जोखीम म्हणजे केवळ निसर्गातील धोका नव्हे. धोका, त्याच्या कक्षेत येणारी माणसे व मालमत्ता आणि त्यांची असुरक्षितता या तिन्हींच्या संयोगातून जोखीम निर्माण होते. समूहाची क्षमता वाढल्यास ती कमी होते.

नकाशा व यादी यांच्या मर्यादा :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारोंचा बळी गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. नकाशे व याद्या आवश्यक आहेत. परंतु त्या पुरेशा नाहीत.

चिखलीचा संदर्भ :
बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. जुलै २०२३ मध्ये घाटाखालील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. घाटावरील चिखली तालुक्यात अवर्षण, गारपीट व वीज यांचा विचार अधिक करावा लागतो. म्हणून संपूर्ण जिल्ह्यास एकच श्रेणी लावणे अशास्त्रीय ठरते. अवर्षणाचा अंदाज पैसेवारीवरून बांधला जातो. ५० पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानतात. तथापि पैसेवारी पीक मोजते. भूमिहीन मजुराची बुडालेली मजुरी मोजत नाही.

मूल्यमापनाची पद्धती :
ही उणीव ग्रामस्थांच्या सहभागाने भरून काढता येते. शिवारफेरी काढून नाले, पडकी घरे व आटणाऱ्या विहिरी यांची नोंद करावी. वृद्धांच्या स्मरणातून मागील आपत्तींचा कालपट तयार करावा. कोणत्या महिन्यात कोणते संकट येते व त्या वेळी मजूर, गुरे आणि साठवलेले धान्य कोठे असते, याचे ऋतुमान-कोष्टक मांडावे. स्त्रिया व शेतमजूर यांच्या स्वतंत्र बैठका घ्याव्यात. कारण पाणी दुरून कोणाला आणावे लागते व वीज कडाडत असताना शेतात कोण अडकते, हे एकत्रित सभेत क्वचितच पुढे येते. शेवटी संभाव्यता व हानी यांनुसार क्रम लावून तो पर्जन्यनोंदींशी पडताळावा आणि ग्रामसभेपुढे ठेवावा.

समारोप :
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा आराखड्यात आपत्तिप्रवण क्षेत्रांची नोंद अपेक्षित आहे. धोका कोठून येईल, हे तज्ज्ञांचा नकाशा सांगू शकतो. त्यात प्रथम कोण सापडेल, हे गावच सांगू शकते. दोहोंची सांगड घातल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.