मागील आसाच्या चाक-बेअरिंगमधील अक्षीय मोकळीक : जुन्या जीपच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
मावळ तालुक्यातील भाजे येथील लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची मानली जातात. तेथील एका विहारात चार घोड्यांच्या रथाचे शिल्प असून तो सूर्याचा रथ होय, असा सर्वसाधारण समज आहे. रथ असो वा बैलगाडी, चाक आसावर सहज फिरले पाहिजे आणि निसटताही कामा नये, ही अट सारखीच. आसाच्या टोकाची खीळ आणि चाकाचा तुंबा यांमध्ये थोडी मोकळीक ठेवून कारागीर ती पूर्ण करीत. मोटारीच्या मागील आसात हीच मोकळीक मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते. भाज्याहून लोहगडाकडे चढणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर या मापातील चूक महागात पडू शकते. महिंद्र कंपनीने मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातील सीजे-३बी या नमुन्याच्या आधारे प्रस्तुत लेखात ही संकल्पना विशद केली आहे.

रचना :
या जीपच्या मागील आसात डावा व उजवा असे दोन अर्धआस असतात. प्रत्येकाच्या बाहेरील टोकाजवळ शंक्वाकार रोलर बेअरिंग बसविलेले असते. वळणावर चाकावर येणारा बाहेरच्या दिशेचा रेटा त्याच बाजूचे बेअरिंग पेलते. आतल्या दिशेचा रेटा मात्र दोन अर्धआसांमधील ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगकडे जातो. म्हणजेच दोन्ही बाजूंची मोकळीक परस्परावलंबी असते. आसाचे कवच आणि ब्रेकची पाठपट्टी यांमध्ये ठेवलेल्या पातळ पत्र्याच्या शिम ही मोकळीक ठरवितात. शिम वाढविल्यास ती वाढते, काढल्यास घटते. विहित मर्यादा ०.००१ ते ०.००६ इंच, म्हणजे सुमारे ०.०२५ ते ०.१५ मिलिमीटर आहे.

मोकळिकीची आवश्यकता :
पोलाद तापले की प्रसरण पावते. एक मीटर लांबीचे पोलाद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. दोन्ही अर्धआसांची एकत्रित लांबी सुमारे एक मीटर धरली आणि ते कवचापेक्षा केवळ ५ अंशांनी अधिक तापले, तरी ०.०६ मिलिमीटर मोकळीक संपते. मुळात ती त्याहून कमी असेल तर बेअरिंगवर दाब येतो, उष्णता आणखी वाढते, वंगण पातळ होते आणि अखेरीस बेअरिंग जखडते. उलटपक्षी मोकळीक जास्त झाल्यास चाक डगमगते, सील झिजते आणि वंगण ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. घाटाच्या उतारावर एका चाकाचा ब्रेक घसरणे धोक्याचे असते.

कार्यपद्धती :
सपाट जमिनीवर पुढील चाकांना उटी लावून आसाखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली काम करू नये. चाके काढून हब व ड्रम पुलरच्या साहाय्याने उतरवावेत. पाठपट्टीचे बोल्ट पूर्ण आवळलेले असावेत. अन्यथा मोजमाप फसवे ठरते. अर्धआसाच्या टोकावर हलके ठोके देऊन बेअरिंगची बाह्य कडी जागेवर बसवावी. त्यानंतर डायल गेज पाठपट्टीवर घट्ट बसवून त्याचे टोक अर्धआसाच्या टोकास टेकवावे, अर्धआस आत-बाहेर सरकवावा आणि काट्याचा एकूण प्रवास नोंदवावा. हाताला जाणवणाऱ्या ढिलाईवर विसंबू नये.

शिममधील बदल दोन्ही बाजूंस समान जाडीने विभागावा. सर्व बदल एकाच बाजूस केल्यास गेजवरील आकडा योग्य दिसतो, परंतु मधला ठोकळा केंद्रापासून सरकतो. बेअरिंगवर झीज, खड्डे किंवा निळसर डाग आढळल्यास ते बदलावे. शिमने झीज झाकता येत नाही. जुळणीनंतर हबची नट आवळून नवी कॉटर पिन घालावी. थोडे अंतर गाडी चालवून दोन्ही बाजूंच्या तापमानाची तुलना करावी आणि मोकळीक पुन्हा मोजावी.

निष्कर्ष :
अक्षीय मोकळीक हा यंत्रातील दोष नसून उष्णता व भार यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. अनुभवी कारागिराचा हात दोषाची पहिली चाहूल देतो. परंतु निर्णय मापनानेच घ्यावा लागतो. जुन्या वाहनाचे जतन करताना बाह्य झळाळीपेक्षा अशा अदृश्य मापांची काळजी अधिक महत्त्वाची ठरते, कारण प्रवाशांची सुरक्षितता त्यांवरच अवलंबून असते.