आधी गिऱ्हाईक, मग भांडवल

स्वतःचा उद्योग काढण्याची आकांक्षा मध्यमवर्गीय मराठी तरुणांत मूळ धरू लागली आहे, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेला आरंभ केल्यापासून या आकांक्षेला प्रतिष्ठाही लाभली. तथापि अशा तरुणांच्या चर्चेत पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : भांडवल कोण देणार? गुंतवणूकदार मिळाला नाही, की दृष्टी साहजिकच घराकडे वळते. आणि पगारदाराच्या घरात वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी व आईचे दागिने यांपलीकडे भांडवल ते कोणते असणार? आयुष्यभराच्या नोकरीची ही पुंजी धंद्यात घालण्यापूर्वी कोणती पारख करावी, याचा विचार करताना गिरगावातच जन्मलेल्या एका उद्योगाचा आरंभ तपासून पाहण्यासारखा आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. पुढे २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या जसवंतीबेन पोपट त्यांपैकीच एक. छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबापा या समाजसेवकाकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले, तोट्यात चाललेला एक छोटा पापडधंदा चालवावयास घेतला, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार केली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकावयास दिली. धंद्यात खोट आली तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, हे त्यांनी आधीच ठरविले होते. ‘लिज्जत’ हे नावदेखील तेव्हा नव्हते. ते १९६२ मध्ये, पाच रुपये बक्षिसाच्या एका स्पर्धेतून मिळाले. (आज नाव, बोधचिन्ह आणि ओळखपत्रे आधी छापली जातात व माल मागाहून येतो!)

प्रारंभी या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचा माल स्वस्तात विकावा, हा त्यांतील हिशेब. छगनबापांनी त्यांना थांबविले. एकच प्रत ठेवा, तीत तडजोड करू नका, आणि हा धंदा आहे असे समजून हिशेब चोख लिहा, असा त्यांचा सल्ला होता. तो वरवर साधा दिसतो. परंतु त्यातील अर्थशास्त्र खोल आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले, की मालाची खरी प्रत ग्राहकाला पारखता येत नसेल, तर तो चांगल्या मालालाही सामान्य मालाचीच किंमत देऊ करतो आणि हळूहळू चांगला माल बाजारातून हटतो. पापडाच्या बंद पुड्याची स्थिती याहून निराळी नाही. नव्या, अनोळखी उत्पादकाने दोन प्रती काढल्या, तर ग्राहक दोहोंना हलक्याच प्रतीवरून जोखणार. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गिरगावच्या गच्चीवर तो अकरा वर्षे आधीच व्यवहारात आला होता.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी या स्त्रियांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला : खाटेवर पापड, खाटेखाली पेटता स्टोव्ह. वाळवणीची खोली किंवा यंत्र घेण्यासाठी त्यांनी कर्ज काढले नाही. गच्ची अपुरी पडू लागली तेव्हाही गिरगावात जागा शोधत बसण्याऐवजी भिजवलेले पीठ सभासद भगिनींनी घरी न्यावे आणि लाटलेले पापड परत आणून द्यावेत, अशी व्यवस्था झाली. लाटणावळ कामाप्रमाणे, त्यामुळे भाडे आणि बांधील पगार यांचा बोजा डोक्यावर आला नाही. नव्या उद्योगाचा प्राण बहुधा या दोन खर्चांतच जातो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पहिल्या वर्षाची विक्री अवघी ६,१९६ रुपये होती. कामाचे आठ महिने धरले, तरी दिवसाला सरासरी पंचवीस-सव्वीस रुपये. १९६२-६३ मध्ये हाच आकडा १ लाख ८२ हजारांवर, म्हणजे एकोणतीस पटींवर गेला. खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आली ती त्यानंतर, सप्टेंबर १९६६ मध्ये. आयोगाचे ८ लाखांचे खेळते भांडवल आणि करांतील सवलती यांचा संस्थेच्या वाढीत मोठा वाटा आहे; तो नाकारून केवळ ८० रुपयांची कथा सांगत राहणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु हे साहाय्य आले तेव्हा माल विकला जातो की नाही, हा प्रश्न उरलेला नव्हता. उरला होता तो किती वाढवावयाचा, एवढाच.

अर्थात हा क्रम सर्वत्र लागू पडणार नाही. नवे औषध शोधणे किंवा संगणकाची चिप बनविणे यांना विक्रीपूर्वी वर्षानुवर्षे पैसा ओतावा लागतो, आणि तो जोखीम पेलू शकणाऱ्या गुंतवणूकदाराचाच असावा. निवृत्त लिपिकाचा नव्हे. पण घरपोच डबे, शिकवणीची संगणकीय सोय, दुकानदारांसाठी हिशेबाची प्रणाली, अशा ज्या कल्पना तरुण मांडतात, त्यांतील बहुतेकींना पहिली चार गिऱ्हाइके महिन्याभरात शोधता येतात. ती ओळखीची असली तरी चालतील. मात्र त्यांनी पैसे मोजले पाहिजेत. मित्रांनी केलेली वाहवा ही विक्री नव्हे. आणि घरखर्चाची व धंद्याची वही पहिल्या दिवसापासून वेगळी हवी, नाहीतर तोटा कोठून होतो हे वडिलांचा निधी संपल्यावरच कळते.

लिज्जतलाही सारे साधले असे नाही. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ मध्ये गुजरातेत वालोड येथे निघाली, आणि तोपर्यंत गिरगावातल्या गच्चीवरचा आरंभ नऊ वर्षे जुना झाला होता.