कागदाची घडी, मनाची उकल

पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. सोबतीला त्यांचे पती, लेखक अनिल अवचट. ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम आणि बासरीत रमणारा माणूस. कागदाच्या कडा जुळवताना, घडीवर नख फिरवताना लक्ष बोटांत एकवटतं आणि तलफेला डोक्यात जागा कमी उरते. हातांच्या अशा कामाने ताणही हलका होऊ शकतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम केलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटलं. कलेचा पूर्वानुभव नसलेल्यांचंही. अभ्यास छोटा आहे, आणि कला उपचारांची जागा घेत नाही. पण शेजारी बसून काम करताना माणसं बोलती होतात, हे मला फार मोलाचं वाटतं. घरात कुणी व्यसनाशी झुंजत असेल, तर संकोच न करता मदत मागा.