वजनाचा काटा आणि रक्ताचा उतारा



गाडी काट्यावर आली की टनेज कळते. त्या उसातून साखर किती निघणार, हे मात्र रस तपासल्याशिवाय कळत नाही. माणसाच्या वजनाचेही तसेच आहे. दहा किलो उतरले म्हणजे प्रकृती सुधारली, असे नुसत्या काट्यावरून ठरवता येत नाही.

ऊस विकास विभागाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. गटवार फिरताना हल्ली बांधावर बेण्याइतकीच चर्चा वजन घटवण्याच्या इंजेक्शनची ऐकू येते. टिर्झेपटाइडचे मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. औषधे गुणकारी आहेत. सेमाग्लुटाइडची १,९६१ जणांवरची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. या औषधांनी भूक मंदावते, अन्न पोटात जास्त वेळ राहते आणि साखर वाढली की इन्शुलिन जास्त सुटते. म्हणजे परिणाम साऱ्या शरीरावर होतो.

मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. औषध कोणी आणि किती घ्यायचे, ते डॉक्टरांनीच सांगावे. पण माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आपण नेहमी सांगतो. तोच नियम इथे लावायचा.

सुरुवातीची नोंद : पहिल्या इंजेक्शनआधी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी), क्रिएटिनिन, यकृताची एसजीपीटी, रक्तातील चरबी, थायरॉइडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिला आकडाच हाती नसेल, तर पुढचा फरक कशाशी ताडणार? घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, किंवा घरातील बाईला दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते आधीच सांगावे. अशांना हे औषध देत नाहीत.

साखर : सर्वांत मोठा धोका इथे आहे. नुसत्या या इंजेक्शनने साखर फारशी खाली जात नाही. पण जोडीला इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर एकदम उतरू शकते. गेल्या उन्हाळ्यात एक सभासद रात्रीचे पाणी द्यायला गेले. भूक नव्हती म्हणून अर्धी भाकरी खाल्लेली, गोळी मात्र पूर्ण. सरीतच दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले. भावाने गूळ खायला घातला म्हणून निभावले. गावातल्या कोणाचे पाहून त्यांनी इंजेक्शन सुरू केले होते, आणि गोळीचे डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हते. अशांनी घरी ग्लुकोमीटर ठेवावा आणि गोळीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. एचबीएवनसी दर महिन्याला करण्यात अर्थ नाही. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून ती साधारण तीन महिन्यांनी करावी.

मूत्रपिंड : मात्रा वाढवताना मळमळ, उलटी, जुलाब होतात. उन्हात काम आणि त्यात पोटात पाणी टिकत नाही, मग मूत्रपिंडावर ताण येतो. दोन दिवस असे चालले तर क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी, विशेषतः लघवी वाढवणारी, चालू असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

पोटदुखी : लायपेजचा आकडा थोडा वाढला, पण दुखत नाही, तर घाबरू नये. मात्र पोटात कळ येऊन पाठीकडे जाते, थांबत नाही, उलट्या होतात, तर पुढचे इंजेक्शन न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते स्वादुपिंडाच्या दाहाचे लक्षण असू शकते. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडेही होतात.

थायरॉइड व रक्त : थायरॉइडची गोळी वजनाच्या हिशेबाने लागते. वजन बरेच उतरले की टीएसएच पुन्हा पाहावी. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी बी-१२ तपासावे. जेवण कमी झाले की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि ते कोणत्याही नेहमीच्या रिपोर्टात दिसत नाही. डाळ, अंडी, दूध यांत काटकसर नको.

पुढच्या तपासण्या साधारण तीन महिन्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तशा. शक्यतो एकच प्रयोगशाळा धरा, रिकाम्या पोटी जा (पाणी चालते), आणि सारे रिपोर्ट तारखेवार एका फायलीत लावा. माती परीक्षणाचा कागद जपता तसाच हाही जपा.

इंजेक्शनवर हजारो रुपये घालायचे आणि तपासणीच्या खर्चाला मागेपुढे पाहायचे, हा व्यवहार आपल्या शेतकऱ्याला शोभणारा नाही. घरात कोणी हे औषध घेत असेल, तर शेवटची तपासणी कधी झाली, एवढे आज जेवताना जरूर विचारा.

— ऊस विकास अधिकारी