एकट्या नर गिनीपिगचा सोबती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिनीपिग हा टोळीने राहणारा प्राणी आहे. काही हजार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत तो माणसाळला. तेथील लोकांनी त्याला मांसासाठी पाळले, आणि पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोरमध्ये ‘कुय’ या नावाने तो आजही ताटात वाढला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोचला आणि तेथे हौसेचा प्राणी झाला. त्याच्या रानटी भाऊबंदांची टोळी लहान असते: एक प्रौढ नर, एक ते तीन माद्या आणि त्यांची पिल्ले. रानटी नर दुसऱ्या प्रौढ नराला जवळ फिरकू देत नाही. माणसाळण्याच्या ओघात घरगुती गिनीपिगमधली ही आक्रमकता पुष्कळ उतरली आणि जमवून घेण्याची वृत्ती वाढली. पण नराची वरचढ होण्याची ओढ काही गेली नाही. सोबत हवी असणे आणि वरचढ राहावेसे वाटणे या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात नांदतात. नराच्या सोबत्याबद्दलचे बहुतेक गैरसमज यांतली एकच बाजू धरून चालल्याने होतात.

पहिला गैरसमज असा की, नराला सोबतीची गरजच नसते; घरातली माणसे त्याच्याशी खेळली की पुरे. गिनीपिग सलग झोपत नाही. दिवसरात्र तो थोडा वेळ जागा, थोडा वेळ डुलकीत असे करतो आणि जागेपणी सतत बारीक आवाजांनी आसपासच्यांशी संपर्क ठेवतो. संध्याकाळी तासभर मांडीवर घेणारा माणूस उरलेल्या तेवीस तासांची जागा भरू शकत नाही. आरसा किंवा कापडी खेळणे तर नाहीच नाही. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या सामाजिक जीवनावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांना असे दिसले की, नराला एकट्याने अनोळखी पिंजऱ्यात ठेवले की त्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. जिच्याशी त्याचे नाते जुळले आहे अशी मादी सोबत असेल तर ही वाढ बरीच कमी राहते. परकी मादी ठेवली तर तसा दिलासा मिळत नाही. एकटेपणा त्याला बाधतो, हे यातून कळतेच. सोबती म्हणून कोणीही चालत नाही, हेही त्यातूनच कळते आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2008 साली लागू झालेल्या प्राणिसंरक्षण नियमांनी गिनीपिग एकटा पाळण्यास मनाई केली. जोडीतला एक मेला की उरलेल्याला साथ देण्यासाठी तेथे गिनीपिग भाड्याने मिळण्याची सोयसुद्धा निघाली.

सोबती आला की प्राणी माणसाला विसरतो, ही धास्ती निराधार आहे. जोडीने राहणारे गिनीपिग उलट धीट होतात आणि हातातले खायला लवकर पुढे येतात.

‘दोन नर म्हणजे मारामारी ठरलेली’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. नर कसे वागतील हे त्यांच्या नरपणापेक्षा त्यांच्या वाढण्यावर जास्त अवलंबून असते. साक्सर यांच्या गटाला असे आढळले की, मोठ्या मिश्र टोळीत वाढलेला नर वयात येताना वडीलधाऱ्या नरांकडून मार खातो, माघार घेतो आणि कोणापुढे नमते घ्यायचे ते शिकतो. असा नर पुढे परक्या टोळीत सोडला तरी फारसा खटका न उडता सामावतो. याउलट, लहानपणापासून फक्त एका मादीसोबत वाढलेल्या नराने हा धडा घेतलेलाच नसतो. अनोळखी नर समोर आला की तो झुंजतो आणि त्याच्या शरीरावर भयंकर ताण येतो. पिल्लूपणापासून एकटा वाढलेला नर आक्रमक वाटतो, त्याचे कारणही बहुधा जन्मजात स्वभावात नसून या न मिळालेल्या शिक्षणात असते. म्हणून सोबती निवडताना रंग, केसांची लांबी किंवा जात विचारण्यापेक्षा तो कोणाबरोबर वाढला हे विचारणे शहाणपणाचे. दोन नरांच्या जोडीला एक पथ्य मात्र कडक आहे: त्याच खोलीत माद्या असू नयेत. मादीच्या नुसत्या वासाने वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेले नर एकमेकांवर धावून जातात. एका दबणाऱ्या आणि एका वरचढ नराची जोडी सहसा टिकते. दोन वरचढ नरांची क्वचितच. तीन-चार नर एकत्र ठेवावेत तर भांडणे आपोआप विभागली जातील, हा हिशेब फसवा आहे. तीन नरांत बहुतेक वेळा दोघांचे जमते आणि तिसऱ्याचे हाल होतात.

मग मादीच आणावी, असे वाटणे साहजिक आहे. आपल्याकडच्या दुकानांत गिनीपिग ‘जोडी’नेच विकले जातात आणि घेणाऱ्यालाही नर-मादी ही स्वाभाविक जोडी वाटते. स्वभावाच्या दृष्टीने ती खरोखरच उत्तम जोडी आहे, परंतु नराचे खच्चीकरण झालेले असेल तरच. नाहीतर सुमारे 59 ते 72 दिवसांच्या गर्भारपणानंतर बहुधा दोन ते चार पिल्ले होतात. ती डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात दात असलेली जन्मतात. व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते आणि नर जवळ असेल तर लगेच गाभण राहते. नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावी लागतात, कारण त्यानंतर ती केव्हाही प्रजननक्षम होऊ शकतात. शिवाय मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यालेली नसेल तर तिच्या ओटीपोटाच्या हाडांचा सांधा घट्ट होत जातो. अशा मादीची पहिली वीण अडण्याचा आणि त्यात तिचा जीव जाण्याचा धोका मोठा असतो. ‘एकदा पिल्ले होऊ देऊ, मग पाहू’ हा विचार म्हणूनच मादीच्या जिवाशी खेळ आहे.

खच्चीकरणाबद्दल दोन चुकीच्या समजुती आहेत. शस्त्रक्रिया झाली की नर दुसऱ्या दिवशी मादीजवळ सोडता येतो, ही पहिली. वीर्यवाहिन्यांत शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे साधारण सहा आठवडे थांबावे लागते. दुसरी अशी की, खच्चीकरणाने नर शांत होतो आणि भांडणारे दोन नर एकत्र राहू लागतात. वयात आलेल्या नराची वागणूक शस्त्रक्रियेने फारशी बदलत नाही. वरचढपणासाठीची चढाओढ तशीच राहते. दोन नरांचा तंटा मिटवण्यासाठी चाकू लावण्यात अर्थ नाही. मादीसोबत निर्धोक राहता यावे, हाच खच्चीकरणाचा खरा उपयोग. ही शस्त्रक्रिया भूल देऊन होते आणि तिला लहान प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच हवा. कुत्र्या-मांजरांप्रमाणे आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याचा सल्ला मिळाला तर त्या पशुवैद्याला तसा अनुभव नाही असे खुशाल समजावे, कारण गिनीपिगला उलटी होत नाही आणि पोट रिकामे राहिले तर आतड्यांची हालचालच मंदावते.

प्रौढ नराला सोबती म्हणून सहा ते आठ आठवड्यांचे नर पिल्लू आणणे हा दुसरा चांगला मार्ग आहे. पिल्लू आपणहून दबते आणि बहुतेक प्रौढ नर त्याला चटकन स्वीकारतात. मात्र पिल्लू स्वीकारले म्हणजे काम झाले, हे खरे नाही. तीन महिन्यांच्या आसपास पिल्लाचे संप्रेरक उसळू लागतात आणि पुढे वर्षभर ते थोरल्याची परीक्षा पाहत राहते. या काळात जोडी मोडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पिल्लाचे लिंग ओळखण्यात दुकानदारही चुकतात, तेव्हा आणल्या दिवशीच पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. पाच वर्षांच्या थकलेल्या नरासाठी दांडगे पिल्लू योग्यही नसते. त्याला शांत, मध्यमवयीन सोबती मानवतो.

ससा हा गिनीपिगचा सोबती नव्हे. दोघे गवत खातात, दोघे मऊ दिसतात, एवढेच साम्य. सशाच्या श्वसनमार्गात बोर्डेटेला हे जिवाणू त्याला त्रास न देता राहू शकतात. गिनीपिगला त्यांच्यामुळे जीवघेणा न्यूमोनिया होतो. सशाची एक लाथ गिनीपिगचे हाड मोडू शकते. गिनीपिगच्या शरीरात माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज आहारातून द्यावे लागते. सशाला त्याची गरज नसते. त्यामुळे दोघांचे खाद्यही वेगळे.

ओळख करून देण्याच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नव्या प्राण्याला थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणे. जुना नर तो पिंजरा स्वतःचा मुलूख मानतो आणि घुसखोराशी लढतो. भेट घडवण्याआधी नव्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, म्हणजे खरूज, उवा, गजकर्ण किंवा सर्दीची लक्षणे असतील तर दिसून येतात. भेट दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागेत घडवावी. मध्ये वाळलेल्या गवताचा मोठा ढीग, आणि सिमला मिरची, कोथिंबीर अशा आवडत्या भाज्या एकाच भांड्यात न ठेवता विखरून. एकच दार असलेले घरटे ठेवू नये. आत कोंडला गेलेला प्राणी चावतो. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मे महिन्यांत ही भेट पहाटे किंवा गार खोलीतच घडवावी, कारण तापमान तिशीकडे गेले की स्वस्थ बसलेल्या गिनीपिगलाही उष्माघाताचा धोका असतो, मग पाठलाग करणाऱ्याचे काय. दोघांना आंघोळ घालून वास एकसारखा करण्याचा तोडगा काहीजण सांगतात. तो एकसारखा वास फार वेळ टिकत नाही, ताण मात्र वाढतो.

भेटीत जे दिसते त्याला माणसे एकतर फार भितात किंवा अजिबात भीत नाहीत. घुमणारा खोल आवाज काढत मागचा भाग डोलवणे, अंगावर चढणे, पाठलाग, नाक उंच करून उभे राहणे, केस फुलवणे ही सारी क्रम ठरवण्याची रीत आहे. दबणारा प्राणी चिरकतो. तो ओरडतो म्हणजे त्याला लागले असे नाही. अशा वेळी घाईने वेगळे केले की ठरत आलेला क्रम मोडतो आणि पुढच्या भेटीत सगळे पहिल्यापासून सुरू होते. दातांची सतत कटकट आणि जांभईसारखे तोंड उघडून दात दाखवणे हा इशारा असतो. त्यानंतर दोघे एकमेकांवर झेपावून गोळा होऊन लोळू लागले किंवा रक्त आले तर वाट पाहत बसायचे नाही. जाड टॉवेल टाकून वेगळे करायचे. उघडा हात घातला तर चावा ठरलेला. रक्त सांडलेल्या नरांना पुन्हा एकत्र करण्याचा हट्ट सहसा फळत नाही.

पुष्कळदा जोडी मोडते ती स्वभावाने नव्हे, जागेच्या टंचाईने. दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे दोन नरांना अपुरे असतात. दोघांना किमान दहा चौरस फूट सपाट जमीन लागते. मजले चढवून ती भरून निघत नाही. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताच्या जागा दोन आणि दोन दारांची घरटी दोन हवीत.

इतके करूनही जमले नाही तर एकटेपणा हाच पर्याय उरतो, असे नाही. दोन पिंजरे लगत ठेवून मध्ये बारीक जाळी बसवली तर दोघे एकमेकांना पाहतात, हुंगतात, आवाजाला आवाज देतात. एकत्र राहण्याइतके ते चांगले नाही, पण एकटे राहण्यापेक्षा पुष्कळ बरे. गिनीपिग पाच ते सात वर्षे जगतो, म्हणून सोबती घरी आणण्यापूर्वीच अशा दोन पिंजऱ्यांना पुरेल एवढी जागा आपल्याकडे आहे की नाही, ते मोजून पाहावे.